आवाज जाते कुठी?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय घडीचा. आमच्याकडं खेड्यापाड्यांत घड्याळ फारसं कोणी म्हणत नाही, घडीच म्हणतात, म्हणून मीही घडीच म्हणणार. अडतीस वर्षं तालुक्याच्या बाजारात बसून मी घड्या दुरुस्त करतोय. त्यातल्या एका जातीच्या घडीत माझा जीव लहानपणापासून अडकलेला आहे. गजराची हातघडी.

टेबलावरची गजराची घडी तुम्हाला सांगायला नको. डोक्यावर घंटा, पाठीमागं चाव्या, परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या उशाशी. मी म्हणतो ती मनगटावरची. तिला सेल नाही, बॅटरी नाही. चावी द्यायची, आणि ठरल्या वेळेला तिनं हाक मारायची.

तिच्या पोटात काय असतं? साध्या हातघडीत एक कमान असते, म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळी. चावी दिली की ती आवळते आणि सैल होता होता काटे चालवते. गजराच्या घडीत अशा दोन कमानी असतात. एक वेळेची, एक गजराची. दोन कमानी, हे ध्यानात ठेवा. वेळेची कमान दिवसभर थेंब थेंब सुटते. गजराची कमान दहा-वीस सेकंदांत सगळी सुटून मोकळी होते. डायलखाली तासकाट्याचं चाक असतं, त्याला लागून गजराचं चाक. एकाला खाच, दुसऱ्याला उंचवटा. तासकाटा फिरत फिरत गजराच्या काट्यापाशी आला की उंचवटा खाचेत बसतो, चाक केसभर सरकतं आणि हातोडीला अडवून धरणारा खटका सुटतो. मग हातोडी ठोकत सुटते.

अशी पहिली हातघडी स्वित्झर्लंडच्या एटर्ना कंपनीची. १९०८ साली पेटंट घेतलं, १९१४ साली बर्नच्या प्रदर्शनात मांडली. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं ही जात काही फोफावली नाही. हातोडी बसवणं जमलं होतं, आवाज बाहेर काढणं जमत नव्हतं. टेबलावरच्या घडीला घंटा लावता येते, मनगटावर घंटा कुठं लावणार? घाम आणि धूळ आत जाऊ नये म्हणून झाकण घट्ट पाहिजे, आणि झाकण घट्ट केलं की आवाज आतच कोंडतो. खालून मनगटाचं मऊ मांस, ते उरलासुरला आवाज पिऊन टाकतं.

तिकडचे मोठमोठे कारागीर ज्या प्रश्नाशी झगडत होते, तोच प्रश्न आमच्या बाबांनी आमच्या अंगणात आपल्या बोलीत विचारला होता. "घडी त वाजते, पन आवाज जाते कुठी?"

ती गोष्ट सांगतो.

साल १९७४. मी अकरा वर्षांचा. आमचं गाव आर्वीच्या बाजूचं. माझा मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होता. हा कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिला, पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि पुढंही कितीतरी वर्षं रशियन इंजिनिअर तिथं येऊन-जाऊन असत. त्यांतला एक जण मायदेशी परतताना मामाला आपली हातघडी देऊन गेला. मामा ती घेऊन दिवाळीच्या आधी आमच्याकडं आला. पुलगावला उतरायचं आणि तिथून आर्वीची छोटी गाडी धरायची. ती नॅरोगेजची गाडी बंद पडली याचं मला अजून वाईट वाटतं. रस्ते कितीही रुंद झाले तरी पाटीत भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला त्या गाडीत जशी ऐसपैस जागा मिळायची, तशी आज कुठं मिळते? ती पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. असो.

मामानं घडी बाबांच्या हातावर ठेवली. "भाऊजी, हे घडी वेळ दाखोते अन् हाकही मारते." डायलवर रशियन अक्षरं, बाजूला एकाऐवजी दोन चाव्या. वरची गजराची, खालची वेळेची. दोन कमानी म्हणून दोन चाव्या. तासाचा, मिनिटाचा, सेकंदाचा असे तीन काटे, आणि बाणासारखा बारीक चौथा काटा गजराचा. वरची चावी बाहेर ओढली की गजर चालू, आत दाबली की मुकी. मामानं चावी भरून आमच्यापुढं ती वाजवली. आजी दचकली आणि मग हसत म्हणाली, "हे त डब्यात कोंडलेलं रातकिडं हाय!"

आजीचा हा शब्द लक्षात ठेवा. पुढं तो पुन्हा येणार आहे.

बाबांना घडी हवी होती ती जागलीसाठी. वावरात ज्वारी आणि भुईमूग उभा. रानडुकरांना भुईमूग म्हणजे मेजवानी. संध्याकाळी जेवून बाबा मचाणावर जायचे. दिवसभर वखराच्या मागं फिरलेला माणूस, मध्यरात्रीपर्यंत जागा राहायचा आणि मग डोळा लागायचा. डुकरांनाही ते ठाऊक असल्यासारखं. यायची ती दोनच्या सुमाराला. तेव्हा बेत असा, की दोनचा गजर लावायचा आणि निर्धास्त पडायचं.

पहिल्या रात्री बाबा घडी मनगटावर बांधून, वाकळ पांघरून झोपले. सकाळी पाहतात तर डुकरांनी सहा तास उलथून खाल्लेले. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्याकडं पिकाच्या ओळीला तास म्हणतात. भुईमुगाचे सहा तास, मुळासकट. आणि घडी? घडीचा गजर उतरलेला होता. म्हणजे ती वाजली होती. अंगावरच्या वाकळीत, अंगाखालच्या हाताला बांधलेली, वाजून वाजून गप्प झाली होती.

बाबा घरी आले ते तणतणत. माय चुलीपुढून म्हणाली, "माह्या भावाच्या घडीले नावं ठेवू नका. तुम्हालेच जाग नाही आली, तिचा काय दोष?"

बाबा गप्प बसले. घडी तळहातावर घेऊन बराच वेळ उलटीपालटी करत राहिले. आणि तेव्हा ते बोलले, "तिचा दोष नाही. ते त वाजते. पन आवाज जाते कुठी?"

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. बाबांनी मायचा संसार बाहेर मांडला. पितळी गडवा, परात, तवा, काशाचं ताट, सूप, आणि डालडाचा रिकामा डबा. एकेका भांड्यावर घडी ठेवायची, गजर लावायचा आणि मला म्हणायचे, "जाय, गोठ्यापाशी उभा राह्य." आवाज आला की मी हात वर करायचा. मग निंबापाशी. मग पार रस्त्यावर.

सुपात ठेवली, काही नाही. तव्यावर ठेवली, तवा जाड, आवाज तिथंच मेला. कापसाच्या गंजीवर ठेवली, तर जवळ बसलेल्या मायलाही ऐकू आली नाही. गडव्यात टाकली, तर घुमली, पण आवाज वरच्या वर गेला. डालडाच्या डब्यात दोऱ्यानं लोंबकळत सोडली, फुसकी. मग बाबांनी डबा पालथा घातला आणि त्याच्या बुडावर, त्या पातळ पत्र्यावर, घडी ठेवली. तरी जरा दबकी. बाबा वाकून पाहू लागले. चामड्याचा पट्टा खाली आल्यामुळं घडीची पाठ पत्र्याला टेकत नव्हती. त्यांनी बाभळीचा काटा घेतला, पट्ट्याच्या पिना दाबून पट्टा सोडवला आणि नुसती घडी पत्र्यावर ठेवली.

श्रोतेहो, मी रस्त्यावर होतो. गोठ्याच्या पलीकडं, निंबाच्या पलीकडं. तिथं मला ती ऐकू आली. नुसती ऐकू आली नाही, कर्रर्र करून कानात शिरली. मी दोन्ही हात वर केले. बाबांनी डबा उचलून छातीशी धरला. सण असल्यासारखा आनंद होता त्यांच्या तोंडावर.

त्या रात्री मी हट्टानं मचाणावर गेलो. डबा पालथा, त्यावर घडी, घसरू नये म्हणून वरून सुतळीचे दोन वेढे. वारा असा गार, की कान दुखायला लागले. चहूकडं रातकिडे. मी जागाच राहणार होतो, पण केव्हा झोपलो कळलं नाही. आणि दोन वाजता मचाण थरथरलं. डबा असा कडाडला, की मी उठून बाबांना मिठी मारली. खाली, धुऱ्याच्या अलीकडं, दहा पावलांवर काळे ढिगारे हलले. एक घुरकणं ऐकू आलं आणि सगळं खटलं पऱ्हाटी मोडत नाल्याकडं धावलं. बाबा बॅटरी मारत ओरडत होते. शेजारच्या वावरातून हाक आली, "काय वाजून रायलं जी ते?"

बाबांनी ओरडून सांगितलं, "घडी!"

"एवढी मोठी?"

दुसऱ्या दिवशी ते काका मुद्दाम पाहायला आले आणि एवढीशी हातघडी पाहून त्यांचा विश्वास बसेना. पण त्या हंगामात आजूबाजूच्या चार-पाच वावरांतली माणसं आमच्या डब्यावर झोपली आणि उठली. बाबा दोनला उठले की लगेच पुन्हा चावी भरून चारचा गजर लावायचे, कारण गजराची कमान एकदा वाजली की रिकामी. हे पुन्हा सांगतो, कारण ही घडी घेऊन माझ्याकडं येणारे अजूनही इथंच चुकतात. वेळेची चावी दिली म्हणजे गजराची भरत नाही. कमानी दोन आहेत.

आणखी एक गंमत. या घडीला दिवस-रात्र कळत नाही. डायल बारा तासांचा, त्यामुळं रात्री दोनचा गजर लावून चावी भरलेली राहिली, तर दुपारी दोनलाही वाजणारच. एकदा बाबांनी घडी कोनाड्यात ताटलीवर ठेवली आणि गजर दाबायला विसरले. आजीची दुपारची झोप उडाली. पुढं कितीतरी दिवस ती झोपण्याआधी विचारायची, "रातकिड्याचं तोंड बांधलं काय?"

जागलीचं निघालं म्हणून सांगतो. आज जागल कमी झाली, पण शेतकऱ्याची रात्र काही संपली नाही. पंपाची वीज रात्री येते आणि माणूस मोबाईलचा गजर लावून विंचवा-सापाच्या वेळी ओलिताला जातो. मला हे कधीच पटलं नाही. पिकाला पाणी दिवसाच देता आलं पाहिजे.

तर आता आजीचं रातकिडं. वेळ थोडा आहे, पण एवढं सांगतोच.

स्वित्झर्लंडमध्ये व्हल्केन नावाची घडीची कंपनी. तिचे प्रमुख रॉबर्ट डिटिशाइम. गजराची हातघडी कानाला ऐकू आली पाहिजे, या ध्यासानं त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम सुरू केलं. त्यांना वाट दाखवली ती पॉल लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं. एवढासा रातकिडा पार लांबवर ऐकू येतो, मग घडी का नाही येणार, असा त्यांचा मुद्दा, असं सांगतात. जरा विचार करा. बोटाच्या पेराएवढा किडा. त्याच्याजवळ जोर किती? पण पंखावर ताणलेला पातळ पापुद्रा आहे, आणि तो पापुद्रा हवेला हलवतो. व्हल्केननं तेच केलं. घडीला दोन पाठी दिल्या. आतली पाठ पातळ पडद्यासारखी, हातोडी तिच्यावर ठोकते. बाहेरच्या पाठीला भोकं, त्यातून आवाज मोकळा. मनगट पडद्याला टेकतच नाही. १९४७ साली ही घडी बाजारात आली आणि तिचं नाव ठेवलं क्रिकेट. इंग्रजीत रातकिड्याला क्रिकेट म्हणतात, खेळाशी त्याचा काही संबंध नाही. आजीनं आणि त्या कंपनीनं एकच नाव ठेवलं! अमेरिकेचे ट्रुमन, आयसेनहॉवर, जॉन्सन, निक्सन हे अध्यक्ष ही घडी वापरत.

लांझव्हँ मात्र ती घडी बाजारात आलेली पाहू शकले नाहीत. १९४६ च्या डिसेंबरात ते गेले. हेच लांझव्हँ पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या पाणबुड्या आवाजावरून हुडकण्याच्या कामात होते, आणि त्यासाठी त्यांनी क्वार्ट्झचा स्फटिक वापरला होता. पुढं १९६९ साली जपानच्या सायकोनं पहिली क्वार्ट्झची, म्हणजे बॅटरीवर चालणारी आणि स्फटिकाच्या थरथरीनं वेळ मोजणारी, हातघडी विकायला काढली. त्यानंतर चावीच्या घडीचे दिवस फिरले, आणि चावीच्या गजराचेही. ज्या स्फटिकानं लांझव्हँनी समुद्राचा कानोसा घेतला, त्याच जातीच्या स्फटिकानं त्यांच्या रातकिड्याला गप्प केलं. मला हे आठवलं की हातातलं काम थांबतं.

बाकीच्या घड्या पटपट सांगतो. याएगर लेकुल्त्र कंपनीची मेमोव्हॉक्स, साल १९५०. नावाचा अर्थच आठवणीचा आवाज. तिला दोन चाव्या, आणि गजरासाठी काटा नाही, डायलच्या मधोमध फिरणारी तबकडी. तिच्या पाठीला आतून एक खुंटी असते, हातोडी त्या खुंटीवर ठोकते. क्रिकेटला मात्र चावी एकच. एका बाजूनं फिरवली की वेळेची कमान भरते, उलट फिरवली की गजराची. १९५६ साली मेमोव्हॉक्स हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारी झाली, आणि १९५९ साली पाणबुड्या माणसांसाठीही निघाली. पाण्याखाली गजर कशाला, तर वर यायची वेळ झाली हे कळायला. पाण्यात कानानं नाही कळलं तरी मनगटाला थरथर कळते.

जपानमध्ये पहिली गजराची हातघडी १९५८ साली सिटिझननं काढली. याच सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ साली आपल्या एचएमटीची हातघडी बेंगळुरूला तयार होऊ लागली. १९६६ साली सायकोची बेलमॅटिक आली, तीत वार आणि तारीखही. माझ्याकडं आजवर तीन आल्या.

आणि मामाची घडी? तिचंही कूळ मला पुढं कळलं. स्वित्झर्लंडची ए. शिल्ड कंपनी नुसती यंत्रं करायची आणि ती दुसऱ्यांच्या घड्यांत बसायची. त्यांचं १४७५ नंबरचं गजराचं यंत्र पन्नाशीच्या दशकात कितीतरी घड्यांत गेलं. त्याच धर्तीवर मॉस्कोच्या पहिल्या घडी कारखान्यानं २६१२ नंबरचं यंत्र केलं. अठरा ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते कडक खडे, दोन चाव्या, दोन कमानी. नाव पोल्योत, म्हणजे उड्डाण. तिलाही झाकणाला आतून खुंटी.

या खुंटीनं मला घडीसाज केलं. मी कॉलेजात होतो तेव्हा बाबांनी घडी तेलपाण्यासाठी मोठ्या शहरातल्या एका दुकानात दिली. परत आली तेव्हा वेळ अगदी बरोबर, पण गजर लावला की आत नुसतं गुरगुरणं. पालथ्या डब्यावरही तेच. बाबा दोन दिवस ती कानाला लावून बसले आणि पुन्हा तोच प्रश्न. "आवाज जाते कुठी?" मी मित्राच्या चाकूनं झाकण उघडलं. आत हातोडी धावत होती, पण तिला ठोकायला काही नव्हतं. खुंटी बुडापासून कापलेली. हे झाकण एका ठरावीक खाचेतच बसतं. त्या माणसाला ते नीट बसेना, म्हणून त्यानं आड येणारी खुंटीच उडवून टाकली होती.

मला फार राग आला. अजूनही येतो. ज्या वस्तूचं काम कळलं नाही, ती कापू नये. थांबावं, विचारावं, नाहीतर तशीच परत करावी. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

पुढं एका जुन्या घडीसाजाकडं बसून काम शिकलो, आणि पहिलं स्वतःचं काम म्हणून ती खुंटी केली. पितळेची तार, कानस, भिंग. पहिली केसभर लांब झाली, हातोडी अडकली. दुसरी आखूड, हातोडी चाटून जायची, आवाज किनरा. तिसरी बसली. मी डबा काढला, पालथा घातला. बाबा ओसरीवर होते. गजर झाला तेव्हा त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्यासारखे दोन्ही हात वर केले.

श्रोतेहो, ती घडी आज मी इथं स्टुडिओत आणली आहे, आणि मायच्या संसारातला तो डालडाचा डबाही. वरची चावी भरली आहे. आधी ती माझ्या मनगटावर वाजेल, बाबांच्या पहिल्या रात्रीसारखी. मग मी पुन्हा चावी भरून तिला पत्र्यावर ठेवीन. तुमचा रेडिओ आहे तेवढाच ठेवा, आवाज वाढवू नका. गोठ्यापाशी, निंबापाशी कोणी असेल तर त्यांनाही कान द्यायला सांगा.

ही मनगटावर.

(गजर)

आणि ही डब्यावर.

(गजर)